बाझेलचा मराठी गोतावळा तीन देशांत विखुरलाय, तो एकत्र कसा ठेवायचा?

राईनकाठची

नमस्कार मंडळी. बाझेल आणि आसपास राहणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. दुसऱ्या कुठल्या सीमेवरच्या शहरात राहत असाल तर तुम्हीही लिहा, उपयोग होईल.

ज्यांना इथला भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शहर स्वित्झर्लंडचं, पण 8 नंबरची ट्राम तुम्हाला जर्मनीतल्या वाइल आम राईनला नेऊन सोडते आणि 3 नंबरची फ्रान्समधल्या सँ-लुईला. विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे. शहरात एक आख्खं जर्मन रेल्वे स्टेशन आहे, बादिशर बानहोफ. औषध कंपन्या आणि त्यांच्या आयटीमुळे आपली माणसं येत राहतात. कोणी शहरात राहतं, कोणी वाइलला, कोणी जर्मनीतल्याच लोराखला, दोनतीन घरं सँ-लुईकडे. नकाशावर सगळे एकमेकांपासून वीसपंचवीस मिनिटांवर.

प्रत्यक्षात मात्र गणपती आणि दिवाळी सोडली तर कोणी कोणाला भेटत नाही. व्हॉट्सॅप ग्रुपवर नावं भरपूर, पण दर वर्षी निम्मी बदलतात. मागच्या फेब्रुवारीत एक मैत्रीण म्हणाली की कितीतरी आठवडे नवऱ्याशिवाय कोणाशी समोरासमोर मराठीत बोलले नाहीये. ती राहते माझ्या घरापासून चार थांब्यांवर. हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

तर दोन प्रश्न. यंदाचा गणपती कुठे करायचा, जर्मनीत की बाझेलमध्ये? जर्मनीत हॉल बराच स्वस्त पडतो. आणि मुख्य प्रश्न: मधल्या दहा महिन्यांत माणसांचं मन उभारीत राहावं म्हणून तुम्ही काय करता?

लोराखकर

हॉल जर्मनीत घ्या, हे माझं स्पष्ट मत.

आणि थोडं मनातलं बोलतो. दर शनिवारी बाझेलची मंडळी चाकांच्या पिशव्या घेऊन आमच्याकडे खरेदीला येतात. डाळ, तांदूळ, दही, डायपर, सगळं. गल्ल्यावर हिरवा निर्यात फॉर्म भरून घ्यायचा, सीमेवर शिक्का मारून घ्यायचा, व्हॅट परत मिळवायचा. त्याबद्दल तक्रार काहीच नाही, मीही तेच केलं असतं. पण घरी जेवायला बोलावलं की "अरे, लोराख लांब पडतं रे" हे उत्तर येतं. एस-6 गाडी शहरातून थेट येते. दुकानाला जवळ असलेलं गाव मित्राच्या घराला लांब कसं होतं? मला याचं खरंच वाईट वाटतं.

कट्टेकरी

लोराखकर, तुमचं म्हणणं पटलं, पण पूर्ण नाही. गेल्या काही काळात बाझेलवाल्यांचं तिकडे येणंही कमी झालंय. 1 जानेवारी 2025 पासून करमाफीची मर्यादा माणशी 300 फ्रँकवरून 150 वर आली. मांस माणशी एक किलो, लोणी-क्रीम मिळून एक किलो, त्यापुढे जकात. आता कार्यक्रम जर्मनीत केला आणि उरलेला स्वयंपाक, पातेली, आहेर असं सगळं गाडीत भरून परत आणायचं म्हटलं की अर्धा वेळ त्या हिशोबात जाणार. शिवाय 2023 च्या ऑक्टोबरपासून जर्मनीने स्विस सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केलीय. ट्राममध्ये पोलीस चढतात, पासपोर्ट आणि परवाना दोन्ही खिशात लागतात. आजीआजोबा पाहुणे आले असतील तर त्यांना उगाच धडकी भरते.

बाझेलमध्ये करा. पैसे जास्त लागले तर वर्गणी वाढवू.

सातारी_तडका

माणशी एक किलो लोणी म्हणजे तूप कढवायचं असेल तर आख्खं कुटुंब घेऊनच सीमा ओलांडायची. एकत्र कुटुंबपद्धतीला पुन्हा चांगले दिवस! :)

शेवंती

राईनकाठची, तुझ्या मैत्रिणीबद्दल वाचलं आणि लिहायलाच बसले.

मी दंतवैद्य. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. बी परवाना म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तो असणाऱ्याच्या जोडीदाराला इथे कामाची मुभा असते, ही मोठीच सोय आहे. अनेक देशांत तेवढंही मिळत नाही. पण मुभा आणि काम यांच्यात मोठं अंतर आहे. भारतातली पदवी थेट चालत नाही आणि जर्मनशिवाय कोणी दारात उभं करत नाही. आमचं घर क्लाइनह्युनिंगेनला, अगदी सीमेलगत. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं राहिलं की फोन जर्मन नेटवर्क पकडायचा आणि "जर्मनीत आपलं स्वागत आहे" असा मेसेज यायचा. पोळ्या लाटता लाटता दिवसातून कितीदा तरी. पहिल्या हिवाळ्यात तो मेसेज वाजला की मला रडू यायचं. पुण्यात माझ्याकडे पेशंट रांग लावून बसायचे आणि इथे दिवसभरात माझी विचारपूस करणारा तो एक मेसेज.

त्यातून बाहेर यायला वेळ लागला. पहिला आधार मिळाला जर्मनच्या वर्गात. नव्याने आलेल्यांना कँटन, म्हणजे इथलं राज्य सरकार, सुरुवातीचा वर्ग मोफत देतो, त्याचं पत्र येतं, ते नीट वाचा आणि पहिल्या वर्षातच वापरून टाका. वर्गात एक तुर्की बाई होत्या, एक ब्राझीलची मुलगी. तिघींची जर्मन सारखीच मोडकी, त्यामुळे लाज कोणाचीच कोणाला नाही. त्यांनीच मला ऑगस्टमध्ये नदीत उतरवलं. इथे लोक संध्याकाळी कामावरून सुटले की कपडे माशाच्या आकाराच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळतात, ती पिशवी धरून प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात आणि पुढच्या घाटावर बाहेर पडतात. मी मिरजेची, पोहणं विहिरीत शिकलेले. त्या दिवशी मधल्या पुलाखालून वाहत जाताना पहिल्यांदा वाटलं, हे शहर माझंही आहे.

आता एका दवाखान्यात सहायक म्हणून काम करते. माझ्या शिक्षणाच्या मानाने काम खालचं आहे, ते दुखतं, पण सकाळी आठला कुठेतरी माझी वाट पाहिली जाते.

सांगायचं एवढंच: नवीन आलेल्या बाईला गणपतीपर्यंत थांबायला लावू नका. तिला पहिल्या महिन्यातच कोणीतरी भेटायला हवं.

मृण्मयी_के

शेवंती, शेवटचं वाक्य ग्रुपच्या वर्णनात टाकायला हवं.

विंडसरवासी

बाझेलचा काही संबंध नाही, पण सीमेवरच्या शहरात राहतो म्हणून लिहितो. आमचं विंडसर कॅनडात आणि नदीपलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट. गंमत म्हणजे इथे कॅनडा दक्षिणेला आणि अमेरिका उत्तरेला आहे. नवीन पाहुण्यांना हे पटवून द्यायला नकाशा काढावा लागतो.

आमच्याकडे कित्येक नर्सेस राहतात विंडसरला आणि रोज नोकरीला जातात डेट्रॉइटच्या इस्पितळांत. मोठं मंडळ, मोठी देवळं, नाटकांचे दौरे, सगळं पलीकडे. त्यामुळे विंडसरमध्ये स्वतःचं काही उभं करायची गरजच कोणाला वाटली नव्हती. मग मार्च 2020 मध्ये सीमा बंद झाली आणि कॅनडावाल्यांना सहज गाडीने पलीकडे जाता यायला नोव्हेंबर 2021 उजाडला. त्या काळात आम्हाला कळलं की आपल्याच गल्लीत किती मराठी घरं आहेत. तेव्हा सुरू झालेली मराठी कुटुंबांची शनिवारची पायी फेरी अजून चालू आहे. तुम्हीही जे काही कराल ते सीमा बंद झाली तरी चालू राहील असं करा.

लोराखकर

विंडसरवासी, तुम्ही दुखरी नस पकडलीत. इथेही 2020 च्या मार्चच्या मध्यात सीमा बंद झाली. रीहेन हे बाझेलला लागून असलेलं गाव आणि लोराख यांच्यामध्ये तेव्हा चक्क कुंपण आलं. जिथून मुलं सायकलवरून जायची तिथे जाळी. कामावर जाणाऱ्यांना सोडत होते, भेटायला जाणाऱ्यांना नाही. जाळीच्या दोन बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसायचे. आम्ही रीहेनच्या एका मराठी कुटुंबाला असेच भेटायचो, मुलं जाळीतून एकमेकांना चित्रं दाखवायची. 15 जूनला सीमा उघडली त्या दिवशी आम्ही सगळे चालत पलीकडे गेलो.

म्हणूनच "लांब पडतं" ऐकलं की मला लागतं. लांब म्हणजे काय ते आम्ही पाहिलंय.

नदीपल्याड

फ्रान्सच्या बाजूची उपस्थिती नोंदवतो. आम्ही ह्युनांगला राहतो. जर्मनीवाल्यांनी आणि स्विसवाल्यांनी एकमेकांत भांडून घ्यावं, आम्हाला दोन्हीकडे जावंच लागतं.

2007 पासून ह्युनांग आणि वाइल यांच्यामध्ये पायी आणि सायकलने जायचा पूल आहे, अडीचशे मीटरच्या आसपास लांब, मध्ये एकही खांब नाही, एकच मोठी कमान. उन्हाळ्यात त्या पुलाच्या टोकाशी डबे घेऊन भेटायला काय हरकत आहे? हॉलचं भाडं शून्य. बाझेलवाले नदीकाठाने सायकलवर येऊ शकतात. हिवाळ्याचं मात्र वेगळं बघावं लागेल.

पुनश्च

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय, कोणाला राग येऊ नये.

मंडळ, गणपती, दिवाळी हे सगळं छान. पण आपण मन रमवण्यासाठी फक्त आपल्याच माणसांकडे बघतो आणि ती माणसं दोन वर्षांत निघून जातात. मग पुन्हा पोकळी. या शहरात दर तीन माणसांमागे एकाहून जास्त परदेशी आहेत, तरी शहराचा स्वतःचा जीव शाबूत आहे, आणि तो कशात आहे ते बघा. फास्नाख्टला, म्हणजे इथल्या कार्निव्हलला, पहाटे चारला शहरातले दिवे बंद होतात आणि अंधारात कंदील, ढोल आणि पिकोलो बासऱ्या एकदम सुरू होतात. पुढे तीन दिवस तेच. त्यासाठी वादकांचे गट हिवाळाभर तालीम करतात, अगदी गणपतीआधी आपली ढोल-ताशा पथकं नदीकाठी करतात तशी. मी अशाच एका गटात ढोल शिकायला जातो. माझ्या शिक्षकांचं वय सत्तरच्या पुढे आहे, त्यांना इंग्रजी बोलायला आवडत नाही आणि ते माझ्याशी बाझेलच्या बोलीतच बोलतात. सुरुवातीला काही कळायचं नाही. हात कळायचे.

मागच्या वर्षी मला ताप होता तर ते जिना चढून सूप घेऊन आले. माझ्या मराठी ग्रुपमधून त्या आठवड्यात फक्त "गेट वेल सून" आलं. म्हणून म्हणतो, बाहेर पडा.

शेवंती

पुनश्च, ढोलाचं वाचून फार बरं वाटलं. पण एक सांगू? तुम्हाला वाजवता येत होतं, ताल अंगात होता, म्हणून दार उघडलं. जिला घरातून बाहेर पडायचाच धीर होत नाही तिला आधी आपल्या भाषेत कोणीतरी "चल, मी येते तुझ्याबरोबर" म्हणायला लागतं. मग ती ढोलही शिकेल. दोन्ही लागतं, पण क्रम हा आहे.

पुनश्च

हो, हे खरं आहे. क्रमाचं पटलं.

मावशी_जिनिव्हा

सगळा धागा वाचून काढला. मी जिनिव्हाची, इथे बरीच वर्षं झाली, मुलं मोठी होऊन गेली. आमचं शहरही असंच, तिन्ही बाजूंनी फ्रान्स. स्वस्त घर हवं म्हणून लोक पलीकडे अ‍ॅनमासला राहतात. 2019 च्या डिसेंबरात दोन्हीकडून धावणारी नवी लोकल सुरू झाली तेव्हा कुठे ये-जा सोपी झाली.

बाळांनो, एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. माणसं निघून जातात म्हणजे गोतावळा टिकत नाही, असं नसतं. इथे माणसं जाणारच. कंपनीचा प्रकल्प संपतो, परवान्याची मुदत येते, आईवडील थकतात. आम्ही सुरुवातीला प्रत्येकाच्या निरोपाला कोलमडायचो, आणि नव्यांकडे "हेही जाणारच" म्हणून बघायचो. तो नव्यांवर अन्याय होता. नंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. महिन्याचा पहिला रविवार, एकच जागा, एकच वेळ, कोणी येवो न येवो. आमंत्रण नाही, यादी नाही, मेनू नाही. ज्याच्या घरात जे असेल ते आणायचं. कधी तिघं असायचो, कधी पंचवीस. पण नव्याला विचारावं लागत नसे. आणि दुसरं, जो जाणार असेल त्याने जाण्याआधी आपलं काम नव्या माणसाच्या हातात द्यायचं, पातेल्यांसकट. आमच्याकडची मोठी कढई अशा कितीतरी घरांतून फिरलीय.

रविवारच का, तर इथे रविवारी सगळं बंद. कपडे धुवायचे नाहीत, बाटल्या टाकायच्या नाहीत, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. एकटेपणा सगळ्यात जास्त चावतो तो याच दिवशी.

सातारी_तडका

मावशी, दंडवत. कढईला पासपोर्ट देऊन टाका.

अवखळ_अ

परवान्यावरून आठवलं. मनाच्या उभारीबद्दल बोलताना याविषयी कोणी बोलत नाही. युरोपबाहेरच्यांसाठी आख्ख्या स्वित्झर्लंडला वर्षाला 8,500 परवाने असतात. माझ्या बाजूच्या टेबलावरचा फ्रेंच सहकारी नोकरी गेली तर दुसरी शोधेपर्यंत निवांत राहू शकतो, संध्याकाळी फ्रान्समधल्या मुलूझला आपल्या घरी जातो. माझी नोकरी गेली तर घर, मुलाची शाळा, बायकोचं काम, सगळ्यांवर एकदम प्रश्नचिन्ह. ऑफिसात कपातीची कुजबुज सुरू झाली की मी रात्री दोनला जागा असतो. आणि हे आपल्या ग्रुपवर बोलायची सोय नाही, कारण तिथे सगळे डोंगरांचे फोटो टाकत असतात.

एक जण मला म्हणाला होता, स्वस्तात जर्मनीत राहा आणि रोज ये. भारतीय पासपोर्टवर ते इतकं सोपं नाही. सीमेपलीकडून रोज कामाला यायचा जी परवाना हवा तर आधी त्या शेजारी देशाचा कायम वास्तव्याचा परवाना लागतो, आणि सीमाभागात किमान सहा महिने राहिलेलं असावं लागतं. युरोपियन सहकाऱ्यासाठी ती ट्रामची फेरी आहे, माझ्यासाठी ती सीमा आहे.

कट्टेकरी

अवखळ, निरोप केलाय, फोन करा. माझी नोकरी गेली होती तेव्हा मी घरातही बरेच दिवस बोललो नव्हतो. कागदपत्रांसाठी आणि सल्ल्यासाठी शहरात चांगली जागा आहे, जीजीजी संस्थेचा स्थलांतरितांसाठीचा कक्ष. ही संस्था 1777 सालची, शहराची ग्रंथालयंही तीच चालवते. जाऊन बसा त्यांच्यासमोर.

आणि ग्रुपवर डोंगरांचे फोटो टाकणाऱ्यांत मीही आहे. त्यातल्या बऱ्याच जणांची रात्र तुमच्यासारखीच जाते.

मृण्मयी_के

थोडं अवांतर. नोव्हेंबरातल्या अंधारासाठी माझा उपाय म्हणजे हेर्ब्स्टमेसे, इथली शरदातली जत्रा. 1471 पासून भरते. सुरुवातीला मार्टिन चर्चची घंटा दुपारी बाराला वाजते, आणि ती वाजवणाऱ्याला मानधन म्हणून हातमोजा मिळतो, पण एकच, डावा. उजवा मिळतो जत्रा संपल्याची घंटा वाजवल्यावर. माझी लेक दर वर्षी खाली उभी राहून वर खिडकीतून हलणारा तो मोजा बघते आणि टाळ्या वाजवते. पाळणे, भाजलेले चेस्टनट, मातीच्या भांड्यांचा बाजार. नवीन मंडळींना तिथे घेऊन जा, कोणाला काही बोलावं लागत नाही.

आणि मुलांचा विषय निघालाच आहे तर: मातृभाषेच्या वर्गांसाठी इथे एचएसके नावाची व्यवस्था आहे. वर्ग आणि शिक्षक आपण उभे करायचे, शाळेची खोली मिळू शकते आणि हजेरीची नोंद मुलाच्या शालेय कागदपत्रांत होते. मराठीसाठी का प्रयत्न करू नये? तीन देशांतल्या घरांना दर आठवड्याला भेटायला याहून चांगलं कारण नाही. मुलं आत, आईबाप बाहेर गप्पा मारत.

नदीपल्याड

मृण्मयी, पण फ्रान्समध्ये शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलाला स्विस व्यवस्थेत घेतील का?

मृण्मयी_के

खात्री करून सांगते. नोंद झाली नाही तरी शिकायला बसू द्यायला आपल्यातला कोणी नाही म्हणणार नाही.

राईनकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काही प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवले, आणि शेवंतीचा त्या मैत्रिणीला पाठवला. तिने तो वाचून मला फोन केला आणि आम्ही बराच वेळ बोललो.

आम्ही काही जणांनी मिळून असं ठरवतोय. गणपती बाझेलमध्ये, कारण तिन्ही बाजूंच्यांना तेच सोयीचं, आणि लोराखकरांच्या घरून यायला थेट गाडी आहे. मूर्ती लहान, शाडूची, विसर्जन बादलीत, माती झाडांना. नदीत काही सोडायचं नाही. वाचलेल्या पैशातून हॉलचं भाडं.

मावशींचा पहिला रविवार मात्र गणपतीची वाट न बघता याच महिन्यापासून. उन्हाळ्यात नदीपल्याड म्हणाले तिथे पुलाशी. ऑक्टोबर ते मार्च आळीपाळीने घरी, आणि त्यातला पहिला मान लोराखला. लोराखकर, चालेल ना? बाझेलवाल्यांनी शनिवारऐवजी रविवारी यायचं, म्हणजे दुकानं बंद असतील आणि पिशव्या घरी राहतील. :)

नव्याने आलेल्या प्रत्येक घराला पहिल्या महिन्यात कोणीतरी भेटेल, याची जबाबदारी वर्षभरासाठी मी घेते. मी गेले तर दुसऱ्याच्या हातात देऊन जाईन.

अवखळ, तुमचा मुद्दा मी विसरलेले नाही. रविवारी नोकरीबद्दल, परवान्याबद्दल उघड बोलायला जागा ठेवू. तिथलं बोलणं तिथेच राहील.

लोराखकर

चालेल काय, धावेल! ऑक्टोबरचा पहिला रविवार आमच्याकडे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्यात चपला काढू नका, खालच्या आजी रागावतात. त्यांनाही बोलावतोय.

पुनश्च

ढोल आणू का?

लोराखकर

रविवारी? जर्मनीत? बासरीवाल्या मित्राला आणा.

अवखळ_अ

कट्टेकरींशी बोललो. बरं वाटलं. रविवारी येतो, भाकरी माझ्याकडून. ज्वारीचं पीठ कुठे मिळतं ते सांगा, माझ्याकडचं संपत आलंय.

सातारी_तडका

माझ्याकडे आईने पाठवलेलं दोन किलो आहे. उद्या संध्याकाळी सहाला बादिशर बानहोफच्या दारात भेटा.